आकृती मोडू द्या : गणिताच्या तासाला संगणक



सुरुवातीला एक विनंती. क्षणभर डोळे मिटा आणि मनातल्या मनात एक त्रिकोण काढा. कोणताही चालेल.

उघडा डोळे. सभागृहातल्या बहुतेकांचा त्रिकोण एकाच साच्यातला निघणार. खालची बाजू आडवी, टोक वर, तिन्ही कोन लघुकोन, देवळाच्या शिखरासारखा. त्रिकोण तर नाना तऱ्हांचे असतात. बसके असतात, किडकिडीत असतात, एका अंगावर कलंडलेलेही असतात. मग आपल्याला हाच का आठवतो? कारण फळ्यावर हाच होता. गुरुजींनी हाच काढला, बाईंनी हाच काढला, शिकवणीच्या सरांनीही हाच काढला.

या शिखराने पुढे काय घोटाळा होतो? नववीतल्या मुलीला एक विशालकोन त्रिकोण द्या आणि लघुकोनाच्या शिरोबिंदूतून समोरच्या बाजूवर लंब टाकायला सांगा. ती गुण्या लावते, सरकवते, फिरवते आणि अडते. लंब बाजूवर पडतच नाही. बाजू वाढवून घ्यावी लागते आणि लंब त्रिकोणाच्या बाहेर जातो. मनातल्या शिखराला हे मंजूर नसते. मग ती एक तिरकी रेघ आतच ओढते, काटकोनाची खूण करते आणि मोकळी होते. व्याख्या विचारा, घडाघडा म्हणून दाखवेल. चूक पाठांतरात झालेली नाही. तिने आजवर एकच त्रिकोण पाहिला आहे, एवढेच.

आता हाच त्रिकोण संगणकावर काढा, तिन्ही शिरोलंब काढा आणि एक शिरोबिंदू माउसने धरून ओढत न्या. लंबसंपात बिंदू आत असतो, सरकू लागतो, काटकोन होताच नेमका शिरोबिंदूवर येऊन बसतो आणि पुढच्या क्षणी बाहेर पडतो. फळ्यावर हे दाखवायला दहा आकृत्या लागल्या असत्या, आणि त्या दहांच्या मधले काहीच दिसले नसते.

आजचा विषय इथून सुरू होतो. माध्यमिक शाळेत गणिताच्या तासाला सॉफ्टवेअर कशासाठी? उत्तर झटपट यावे म्हणून? चित्र रंगीत दिसावे म्हणून? शाळेच्या माहितीपत्रकात ‘डिजिटल वर्ग’ असे छापता यावे म्हणून? यातले शेवटचे कारण सर्वांत प्रबळ आहे, हे इथल्या मुख्याध्यापकांना सांगायला नको. पण खरे कारण वेगळे आहे. फळ्यावरची आकृती मोडत नाही. पडद्यावरची मोडते. आणि ती मोडते, हाच तिचा गुण.

हे तीन टप्प्यांत पाहू. पहिला, आकृती मोडते म्हणजे काय होते. दुसरा, दिसणे आणि सिद्ध होणे यांत अंतर किती. तिसरा, या सगळ्यात शिक्षकाची जागा कोणती.

पहिला टप्पा. १९६७ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या केंब्रिज गावी वॉली फ्यूर्झिग, सेमूर पॅपर्ट, सिंथिया सॉलोमन आणि त्यांचे सहकारी यांनी मुलांसाठी ‘लोगो’ नावाची संगणकभाषा तयार केली. पॅपर्ट हे गणिती. त्याआधी ते जिनिव्हात बालमानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांच्याबरोबर काम करून आले होते, त्यामुळे मूल चुकते तेव्हा त्याच्या डोक्यात काय चाललेले असते, याचे त्यांना भारी कुतूहल. लोगोला पुढे एक कासव मिळाले. आधी जमिनीवर चालणारे यंत्र, मग पडद्यावरची खूण. कासवाला सांगायचे, शंभर पावले पुढे चल, अमुक अंश उजवीकडे वळ. ते चालत जाते आणि मागे रेघ उमटते.

या कासवाकडून समभुज त्रिकोण काढून घ्यायचा आहे. मूल म्हणते, सोपे आहे, समभुज त्रिकोणाचा कोन साठ अंशांचा. शंभर पुढे, साठ वळ, हे तीनदा कर. कासव इमानेइतबारे चालते. आणि पडद्यावर काय येते? त्रिकोण नाहीच. तीन बाजू आहेत, पण आकृती उघडीच राहिली आहे. बारकाईने पाहिले तर तो अर्धा षटकोन आहे. तीनऐवजी सहा वेळा सांगितले, तर पूर्ण षटकोन होतो.

इथे मूल थांबते. कासव तर चुकत नाही, मग चुकले कोण? मूल कोन आतून मोजत होते आणि कासव बाहेरून वळत होते. त्रिकोणाच्या टोकाशी त्याला साठ नव्हे, एकशे वीस अंश वळावे लागते. तीन वेळा एकशे वीस, म्हणजे ३६०. चौरसात चार वेळा नव्वद, पुन्हा ३६०. षटकोनात सहा वेळा साठ, पुन्हा ३६०. निघालो तिथे परत यायचे आणि तोंडही निघतानाच्या दिशेला करायचे, तर एकूण एक पूर्ण गिरकी घ्यावीच लागते. बहिर्वक्र बहुभुजाकृतीच्या बाह्यकोनांची बेरीज ३६० अंश, हे वाक्य पुस्तकात असतेच. या मुलाने ते चालून पाहिले. (जाता जाता एक गोष्ट. यासाठी वीजही लागत नाही. वर्गातल्याच एखाद्याला कासव करून व्हरांड्यात खडूच्या रेघांवर चालवले, तरी धडा तोच. आणि संगणक असेल, तर पायथन भाषेत आजही हे कासव तयार ठेवलेले आहे.)

लोगोनंतर दुसरी पिढी आली. १९८०च्या दशकात फ्रान्समध्ये ग्रनोब्ल इथे ज्याँ-मारी लाबोर्द यांच्या गटाने ‘काब्री’ हे भूमितीचे सॉफ्टवेअर तयार केले. १९९१ साली अमेरिकेत निकोलस जॅकिव्ह यांचे ‘जिऑमेटर्स स्केचपॅड’ आले. ऑस्ट्रियातल्या झाल्त्सबुर्ग विद्यापीठात मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ साली विद्यार्थी असताना ‘जिओजेब्रा’चे काम सुरू केले. जिऑमेट्री आणि अल्जिब्रा या दोन शब्दांचा तो संधी. भूमितीची आकृती एका खिडकीत आणि तिचे समीकरण शेजारच्या खिडकीत. एक हलवले की दुसरे हलते.

या सगळ्यांचा गाभा एकच, बिंदू धरून ओढणे. मुलाला सांगा, चौरस काढ. ते नजरेच्या अंदाजाने चार बिंदू ठेवते आणि जोडते. दिसायला झकास चौरस. आता शिक्षकाने एक कोपरा धरून ओढायचा. चौरसाचा पार वेडावाकडा पतंग होतो आणि वर्गात हशा पिकतो. दुसऱ्या बाकावरच्या मुलीने मात्र आधी एक रेषाखंड घेतला, टोकाशी लंब उभा केला, वर्तुळ काढून तेवढीच लांबी त्याच्यावर उचलून घेतली. तिचा कोपरा ओढा. चौरस मोठा होतो, लहान होतो, फिरतो, पण चौरसच राहतो. पहिल्याने चौरसाचे चित्र काढले होते, दुसरीने चौरस रचला होता. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात आणि दोघांनाही सारखेच गुण पडतात. ओढून पाहिल्यावर सोंग उघडे पडते.

आपल्याकडे भूमितीच्या सिद्धतेची मांडणी कशी असते? पक्ष, साध्य, सिद्धता. पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी हे तीन शब्द वहीत लिहिले. पक्ष म्हणजे काय आणि साध्य म्हणजे काय, हे किती जणांना मनापासून कळले? ओढण्याच्या खेळात ते हाताला लागते. संगणकाला आपण जे सांगितले तो पक्ष. न सांगता जे टिकून राहिले ते साध्य.

उदाहरण घ्या. कसाही चौकोन काढा, चारही बाजूंचे मध्यबिंदू घ्या आणि क्रमाने जोडा. आत समांतरभुज चौकोन तयार होतो. बाहेरचा चौकोन हवा तसा ओढा, आत दुमडा, अगदी बाजू एकमेकींना छेदतील इतका मुरगळा, आतला मात्र समांतरभुजच राहतो. संगणकाला कोणी सांगितले होते, समांतर ठेव म्हणून? कोणीच नाही. मग हे आले कुठून? हा प्रश्न मुलाच्या तोंडून निघाला की तास जिंकला. ‘कर्ण काढा’ एवढ्या एका सूचनेवर त्रिकोणाच्या मध्यबिंदूंचे प्रमेय कामाला येते आणि सिद्धता चार ओळींत पुरी होते. पिएर व्हारिन्याँ या फ्रेंच गणितज्ञाचे हे प्रमेय १७३१ साली छापले गेले. आपल्याकडे नववीचे मूल ते एका तासात स्वतः शोधू शकते.

इथे दुसरा टप्पा येतो, आणि धोकाही इथेच आहे. डोळ्यांनी दिसले, शंभरदा ओढून पाहिले, मग सिद्ध कशाला करायचे? मुले हे विचारतात, आणि त्यांचे काही चुकत नाही.

याला एक उत्तर खुद्द सॉफ्टवेअरच देते. त्रिकोण काढा आणि तिन्ही कोनांची मापे दोन दशांश स्थळांपर्यंत दाखवायला सांगा. समजा पडद्यावर आले ५०.१३, ६०.१३ आणि ६९.७५. वर्गातला एखादा हिशेबी पोरगा बेरीज करतो आणि ओरडतो, “सर, १८०.०१ आले!” खरेच येते. मूळ मापे होती ५०.१२६, ६०.१२७ आणि ६९.७४७, त्यांची बेरीज बरोबर १८०. संगणकाने प्रत्येक माप जवळच्या संख्येत बदलून दाखवले आणि एक शतांश वर आला. घाईतले शिक्षक म्हणतात, “ते सोड रे, १८०च समज.” तेवढे म्हणू नये. कारण त्या पोराने गणितातला सर्वांत मोलाचा प्रश्न विचारला आहे. १८० हे मोजून ठरते की आणखी कशावरून? मोजून ठरत असेल, तर १८०.०१ हेही उत्तर. ठरत नसेल, तर शिरोबिंदूतून पायाला समांतर रेषा काढा आणि व्युत्क्रम कोनांकडे या. सिद्धतेची गरज त्या एका शतांशाने पटवून दिली, जी आपल्याला वर्षभर सांगून पटवता येत नाही.

दुसरे उदाहरण याहून खट्याळ आहे. वर्तुळावर एक बिंदू घ्या. वर्तुळाचा भाग एकच. दोन बिंदू घेऊन जोडा, दोन भाग. तीन बिंदू एकमेकांना जोडा, चार भाग. चार बिंदू, आठ भाग. पाच बिंदू, सोळा भाग. सहा बिंदूंना किती? सगळा वर्ग एका सुरात म्हणतो, बत्तीस!

मोजा.

एखादी नीटनेटकी मुलगी सहा बिंदू सारख्या अंतरावर ठेवते, सगळ्या जीवा काढते आणि मोजते. तीस. पुन्हा मोजते. तीसच. शेजारच्याने बिंदू गबाळेपणाने कुठेही ठेवलेत, त्याचे येतात एकतीस. भांडण सुरू. बत्तीस तर कोणाचेच येत नाहीत! आता त्या मुलीने एक बिंदू किंचित सरकवायचा. मध्यभागी जिथे तीन जीवा एकाच बिंदूत भेटत होत्या, तिथे हळूच एक चिमुकला त्रिकोण उघडतो. हाच तो एकतिसावा भाग. कागदावर तो पेन्सिलीच्या टोकाखाली झाकला जातो. पडद्यावर तो मोठा करून पाहता येतो.

पाच वेळा जुळलेला नमुना सहाव्या वेळी मोडला. शंभर वेळा जुळलेला एकशे एकाव्या वेळी मोडणार नाही, याची हमी कोण देणार? माउस नाही देऊ शकत.

मग संगणकाने तपासणे कधीच पुरेसे नसते का? असते, आणि त्याचे सुंदर उदाहरण आपल्या घरचे आहे. नाशिकजवळच्या देवळालीत दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर नावाचे शाळामास्तर होते. त्यांनी १९४९ साली दाखवून दिले की चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा, मोठीतून लहान वजा करा, आणि आलेल्या संख्येवर पुन्हा हेच करा. ३५२४ घेतली तर ५४३२ वजा २३४५, म्हणजे ३०८७. मग ८७३० वजा ०३७८, म्हणजे ८३५२. मग ८५३२ वजा २३५८, म्हणजे ६१७४. आणि ६१७४ वर हेच केले, की पुन्हा ६१७४. कुठूनही निघा, फार तर सात पायऱ्यांत इथेच येऊन थांबता.

आज दहावीचा विद्यार्थी हे स्प्रेडशीटमध्ये तपासू शकतो. १००० ते ९९९९ पर्यंतच्या संख्यांतून सारख्या अंकांच्या नऊ वगळल्या, तर उरतात ८९९१. सगळ्या तपासल्या की विषय संपला, ती पक्की सिद्धता झाली. कारण संख्या मोजक्या आहेत. त्रिकोण मोजके नाहीत, म्हणून तिथे ओढणे कधी संपत नाही. कुठे तपासून भागते आणि कुठे भागत नाही, हा विवेक शिकवायला याहून चांगली जोडी मिळणार नाही. आणि आणखी एक. ८९९१ संख्या यंत्र तपासेल, पण ‘तीन अंकी संख्यांचे काय होईल?’ हे यंत्र आपणहून विचारत नाही. ते कोणा कापरेकरांनाच विचारावे लागते. (घरी जाऊन करून पाहा. ४९५ येते.)

तिसरा टप्पा शिक्षकाचा. इथे उत्साहाला जरा लगाम घालायला हवा. १९१३ साली थॉमस एडिसन यांनी भाकीत केले होते की चित्रपट आले, आता शाळेतली पुस्तके लवकरच मोडीत निघणार. पुस्तके आहेत तिथेच आहेत. मग रेडिओ आला, दूरदर्शन आले, स्मार्ट बोर्ड आले, आणि प्रत्येक वेळी हेच भाकीत नव्या कपड्यांत आले. २०१५ साली ‘ओईसीडी’ या संघटनेने अहवालात स्पष्ट लिहिले की ज्या देशांनी शाळांतल्या संगणकांवर भरपूर खर्च केला, त्यांच्या मुलांच्या गणितात किंवा वाचनात त्यामुळे लक्षणीय सुधारणा दिसली नाही.

मग सॉफ्टवेअर निरुपयोगी? तसेही नाही. गुजरातेतले दोन प्रयोग शेजारी ठेवून पाहू. वडोदऱ्यात ‘प्रथम’ संस्थेने महापालिकेच्या शाळांतल्या चौथीच्या मुलांना आठवड्याला दोन तास संगणकावर गणिताचे खेळ दिले, एका संगणकावर दोघे. मुलांचे गणित चांगलेच सुधारले, पण उपक्रम थांबल्यावर वर्षभरात बरीच कमाई ओसरली. दुसरा प्रयोग ‘ज्ञानशाला’ संस्थेच्या वर्गांतला. तिथे काही ठिकाणी शिक्षकांच्या तासाऐवजी संगणक दिला आणि मुले मागे पडली. काही ठिकाणी शाळा सुटल्यावर, जादा म्हणून दिला आणि मुले पुढे गेली. सॉफ्टवेअर तेच. फरक एवढाच, की एकीकडे ते शिक्षकाच्या खुर्चीत बसवले आणि दुसरीकडे शिक्षकाच्या शेजारी.

दिल्लीतला अभ्यास आणखी बोलका आहे. ‘माइंडस्पार्क’ हे सॉफ्टवेअर मुलाला त्याच्या इयत्तेचे नव्हे, तर त्याला खरोखर जमते त्या पातळीचे गणित देते. शाळेनंतरच्या केंद्रांत ४५ मिनिटे सॉफ्टवेअर आणि ४५ मिनिटे छोट्या गटाला माणसाकडून शिकवणी. साडेचार महिन्यांत स्वतंत्र चाचणीतली मुलांची प्रगती ठसठशीत होती. पण त्याच अभ्यासात कळले की सहावीतली ही मुले गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे होती. त्यामुळे शाळेच्या गणिताच्या पेपरात ठळक फरक पडला नाही. मूल पाया भरत होते आणि पेपर तिसऱ्या मजल्याचा होता.

आता आपल्या वर्गात येऊ. बालभारतीच्या नववी-दहावीच्या गणिताच्या पुस्तकांत जिओजेब्राच्या चौकटी आहेत. वर्तुळाच्या प्रकरणात सांगितले आहे की बाह्यबिंदूतून दोन स्पर्शिका काढा आणि स्पर्शिकाखंड समान आहेत का पाहा. ही चौकट किती वर्गांत उघडली जाते? शिक्षक म्हणतात, पोर्शन कधी संपवायचा? त्यांचे म्हणणे खोटे नाही. संगणक कक्षाला कुलूप, चावी लिपिकाकडे, लिपिक पंचायत समितीत, आणि हे सगळे जुळले तर वीज नाही. शिवाय दहावीला भाग एक आणि भाग दोन असे चाळीस-चाळीस गुणांचे पेपर, आणि गणकयंत्रालाही मनाई. तिकडे अमेरिकेत सॅट परीक्षा संगणकावर गेली आणि ‘डेस्मॉस’ हे आलेख काढणारे साधन प्रश्नपत्रिकेतच बसवले गेले. आपली परीक्षा उद्या तशी होणार नाही आणि त्याची वाट पाहण्याचे कारणही नाही. मोडलेल्या आकृतीतून मूल जे शिकते, ते कागदी पेपरातही कामाला येते.

साधन फुकट आहे, हेही गृहीत धरून चालू नये. जिओजेब्रा २०२१ साली ‘बायजूज’ने विकत घेतले, पुढे ती कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. जिओजेब्रा सुरू आहे, पण नाव कोणतेही उद्या बदलू शकते. म्हणून एका ब्रँडची बटणे पाठ करण्यापेक्षा ओढून पाहण्याची सवय लावून घेतलेली बरी.

आणि एकेका मुलाला एकेक संगणक हवा, हा आग्रह सोडावा. देवनारची टाटा सामाजिक विज्ञान संस्था, अमेरिकेतली एमआयटी आणि टाटा ट्रस्ट यांनी २०१५ पासून राजस्थान, मिझोराम, छत्तीसगड आणि तेलंगणातल्या माध्यमिक शाळांत जो उपक्रम चालवला, त्यात भौमितिक तर्काचा पाठ मुलांनी एकाच संगणकाभोवती बसून, आपसांत बोलत करावा अशी रचना होती. शेजारी कोणी असेल तरच तीस की एकतीस हे भांडण होते. वर्गात एकच प्रोजेक्टर असेल, नाही तर शिक्षकांचा एक मोबाइल असेल, तरी चालते. फक्त क्रम चुकवू नये. ओढण्याआधी प्रत्येकाने ‘काय होईल?’ ते वहीत लिहायचे. लिहिल्यावर ओढायचे. लिहिलेले चुकले, की मूल जागे होते. आधीच ओढून दाखवले, तर तो नुसता सिनेमा, एडिसनसाहेबांचा.

सारांश थोडक्यात. आकृती मोडली की मुलाला आपला पक्ष कळतो. न मोडणारी आकृती ‘का?’ विचारायला लावते, पण ‘का’चे उत्तर पडद्यावर नसते, ते वहीत लिहावे लागते. आणि प्रश्न व उत्तर यांच्या मधली जागा शिक्षकाने राखायची असते. घाईने उत्तर सांगून ती बुजवायची नसते.

समोर बसलेल्या शिक्षकांकडे म्हणून एवढेच मागणे आहे. येत्या आठवड्यातला एखादा ऑफ पिरियड मागून घ्या. वर्तुळावर एक ते पाच बिंदूंचे भाग मुलांकडून मोजून घ्या, सहाचा अंदाज वहीत लिहायला लावा, वह्या मिटवायला सांगा आणि सहा बिंदू सारख्या अंतरावर ठेवून मोजायला बसवा. तीस आले की एक बिंदू थोडासा सरकवा. त्यानंतर पाच मिनिटे काही बोलू नका.